सोबतीचा मासा

तळ्याच्या काठावर पाहुणे बसतात, चहा होतो, रंगीत कोई मासे वर येऊन तोंडं उघडून जातात, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, यात अजून एखादा मोठा मासा टाका की. जरा वेगळा दिसणारा."

पूर्वी मीही हेच म्हणायचे. नुसती म्हणत नव्हते, टाकतही होते. त्यातले काही मासे आज नाहीत, आणि ते का नाहीत हे मला नीट ठाऊक आहे. म्हणूनच हे लिहायला बसले.

आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेला लागून. घरामागचं तळं १८ फूट लांब, १२ फूट रुंद, ५ फूट खोल. पाणी भरतं तीस हजार लिटरच्या आसपास. सगळं जमवून आता बारा वर्षं झाली. त्यात अकरा कोई आहेत. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचं पाणी इथून लांब नाही, त्यामुळे पाणकावळे आणि राखी बगळे आमच्या तळ्याची खबर ठेवून असतात. पहिल्या वर्षी वीतभर लांबीचे चार कोई एका बगळ्याने आठवड्यात उचलले. मोठ्या माशांची ओढ मला तिथून लागली. बगळ्याच्या चोचीत न मावणारा मासा हवा, एवढाच तेव्हाचा हिशेब.

कोई म्हणजे मुळात सायप्रिनस, अर्थात कॉमन कार्प. बाजारात किलोवर मिळतो तोच, त्याचाच रंगीत भाऊबंद. जपानमध्ये निगाताच्या डोंगराळ गावांत शेतकरी भातखाचरांच्या कडेला काळे कार्प पाळत, बर्फाच्या दिवसांत खायला म्हणून. एकोणिसाव्या शतकात त्यांत मधूनच एखादा तांबडा, एखादा पांढरा निपजू लागला आणि लोकांनी तो खाण्याऐवजी जपला. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे रंगीत मासे मांडले गेले तेव्हा कुठे शहराला त्यांची ओळख झाली. मला हे फार आवडतं. आज या माशाला बंगल्यातली शोभा मानतात, पण तो आला आहे शेतकऱ्याच्या घरून.

त्याचा स्वभावही तसाच. सोबती निवडायचा तर आधी हा स्वभाव कळायला हवा. कोईच्या जबड्यात दात नाहीत, दात आहेत घशात. तोंड खालच्या अंगाला झुकलेलं, त्याशेजारी मिशांच्या दोन जोड्या. दिवसभर तळ चाचपत हिंडायचं, सापडेल ते तोंडात घ्यायचं, चाळायचं, नको ते थुंकून द्यायचं. एकदा मी पाण्यातली एक गोगलगाय टाकली, तेव्हा काठावर ऐकू आलं: कुट्, कुट्. घशातल्या दातांखाली शंख फुटत होता. त्याला जठर नाही, त्यामुळे भरपेट जेवून तासन् तास पडून राहणं जमत नाही. थोडं थोडं, पुष्कळदा खातो. पोहण्यात घाई नाही, भांडणात रस नाही. आमच्याकडे सगळ्यांत मोठा आहे तो चागोई, दोन फुटांच्या पुढे गेलेला, तपकिरी, बिनठिपक्यांचा. जपानीतला 'चा' म्हणजे आपला चहाच. या रंगाचे कोई माणसाला लवकर धीट होतात. हा हाताशी आला की मग बाकीचे दहा येतात. तो बुजला तर दहाही बुजतात. तळ्याची सारी तब्येत याच्यावरून कळते.

तर अशा तळ्यात मी पहिल्यांदा सोडले ते 'शार्क'.

दुकानात बोटभर लांबीचे होते, रुपेरी, तुकतुकीत. नाव शार्क, पण जात पंगेशियसची, म्हणजे मेकाँग नदीचा बिनखवल्यांचा मासा. आपल्याकडे धरणांतल्या पिंजऱ्यांत जो वाढवतात, तोच. वाढला तर मीटरभराच्याही पुढे जातो. दुकानात हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन आणले. वर्षभरात दीड फुटाचे झाले. दिसायला खरोखर देखणे होते. पण त्या माशाची नजर अधू आणि मन धास्तावलेलं. काठावरून नुसतं कुणी चालत गेलं, गड्याने बादली जोरात ठेवली, की दोघं बाणासारखे सुटायचे आणि समोरच्या भिंतीवर आदळायचे. नाकाडं सोललेली असायची. त्यांच्या त्या धडपडीने कोई तळाशी जाऊन बसायचे. चागोईने पंधरा दिवस हातातलं खाद्य घेतलं नाही. माशांतही भीती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे मी तेव्हा पाहिलं.

मग जानेवारी आला. निफाडची थंडी द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर घडांचे मणी तडकतात. अशाच एका पहाटे बागेतून धूर येत होता आणि मी तळ्यावर गेले. पाण्यात टांगलेला थर्मामीटर १३ दाखवत होता. कोई तळाशी एकमेकांना चिकटून स्वस्थ होते. थंडीत ते असेच असतात, पाणी दहाच्या खाली गेलं की खाणंच बंद. आणि दोन्ही पंगेशियस आडवे होऊन पाण्यावर आले होते. एकाचा कल्ला अजून हलत होता. मी त्याला दोन्ही हातांनी सरळ धरून एअर पंपाच्या बुडबुड्यांसमोर कितीतरी वेळ उभी राहिले. हात बधिर झाले. तो गेला.

त्या माशाची काही चूक नव्हती. उष्ण प्रदेशातल्या नदीचा जीव मी निफाडच्या हिवाळ्यात आणून ठेवला होता.

रूपचंदचा अनुभव वेगळा. दक्षिण अमेरिकेचा हा मासा, पोटाशी लालसर, ताटासारखा चपटा. त्याचे दात पाहिलेत का कधी? माणसाच्या दाढांसारखे, सपाट, रांगेत बसवलेले. त्याच्या देशात पाण्यात पडणारी फळं आणि कठीण बिया फोडण्यासाठी आहेत ते. माझ्या तळ्यात बिया कुठल्या? त्याने कोईंच्या शेपट्या कुरतडायला सुरुवात केली. आधी वाटलं, आजार आहे, म्हणून औषध केलं. मग एका संध्याकाळी पांढऱ्या कोईच्या मागे जाऊन त्याने तिच्या शेपटीचा तुकडा सफाईने तोडलेला मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी जाळं टाकून तो काढला.

यानंतर मी दुकानांकडे जायचं सोडलं आणि अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे माझे सासरे. आमच्या शेततळ्यात ते मासे करतात, आणि त्याआधी गावाच्या पाझर तलावात कितीतरी वर्षं करत होते. बागेला पाणी आणि वरून मासळी, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या बोलण्यात मत्स्यबीज, बोटुकली म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, कटला, मृगळ हे शब्द घरच्या माणसांच्या नावांसारखे येतात. मिश्र मत्स्यशेतीची ही पद्धत आपल्या देशात १९७१ पासून संशोधन प्रकल्प चालवून बसवली गेली. अण्णा ती बोटांवर सांगतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यांच्या जोडीला चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस. सहा मासे, एकाचं ताट दुसऱ्याला लागत नाही. चंदेरा पाण्यातली हिरवळ, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, गाळून खातो, कटला त्याहून जरा मोठे जीव टिपतो, गवत्या गवत खातो, आणि त्याची लीद पाण्याला खत होते, त्यावर पुन्हा हिरवळ वाढते.

चीनमध्ये ही विद्या आपल्या कितीतरी आधीची. तिथे एक गोष्ट सांगतात. तांग घराण्याच्या राजांचं आडनाव 'ली', आणि कार्प माशालाही चिनी भाषेत 'ली'च म्हणतात. राजाच्या नावाचा मासा पकडायचा कसा आणि खायचा कसा, म्हणून त्यावर बंदी आली. मग लोक दुसरे मासे शोधायला लागले, आणि गवत्या, चंदेरा यांसारखे मासे एकत्र वाढवणं तिथून रुजलं. गोष्टीतलं खरं-खोटं बाजूला ठेवू, पण सायप्रिनसच्या शेजारी कोण बसू शकतो हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवला होता, एवढं नक्की.

मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मी अण्णांकडून दोन चंदेरे घेतले आणि तळ्यात सोडले. अंगावर बारीक खवले, जणू चांदीचा वर्ख. पण चार महिन्यांत त्यांची रया गेली. डोकं मोठं दिसायला लागलं आणि पाठ सुरीच्या कडेसारखी. मी खाद्याच्या गोळ्या टाकत होते, कोई खात होते, आणि चंदेरे तोंड उघडून निर्मळ पाणी पीत फिरत होते.

अण्णांना आणून दाखवलं. ते काठावर बसले, पाण्याकडे पाहिलं, मग फिल्टरकडे पाहिलं. म्हणाले, "अगं, त्याचं ताट तू रोज धुऊन टाकतेस."

त्या एका वाक्याने माझं डोकं जागेवर आलं. शेततळ्याचं पाणी हिरवं असतं, त्यात हात बुडवला तर कोपर दिसत नाही. माझं तळं तळापर्यंत दिसावं म्हणून मी फिल्टर लावला होता, आणि त्या स्वच्छ पाण्यात चंदेऱ्याला खायला काहीच नव्हतं. कटल्याचंही जवळजवळ तेच. तो वर वळलेल्या तोंडाने तरंगत्या गोळ्या झडप घालून खाईल, जगेल, पण मग कोईच्या तोंडचा घास आधी त्याच्या तोंडात जाईल. मृगळ खातो कोईच्याच पंगतीला, तळाशी. वरचा, मधला, तळाचा हे थर हिरव्या पाण्यात खरे. गोळ्या टाकल्या की सगळेच वर येतात आणि सगळे थर मोडतात.

आपण कायम विचारतो, कोईला कोण चालेल? त्या दुसऱ्या माशाला हे तळं चालेल का, हे विचारायचं राहून जातं. पंगेशियसला माझी थंडी चालत नव्हती, चंदेऱ्याला माझी स्वच्छता. तेव्हापासून मी माशाचं नाव ऐकलं की आधी तीन गोष्टी विचारते. हा खातो काय, घाबरतो कशाला, आणि पाचव्या वर्षी केवढा होतो.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिच्याकडे कोईंसोबत स्टर्लेट आहे, स्टर्जन कुळातला छोटा, लांब नाकाचा, मगरीसारख्या पाठीचा मासा. व्हिडिओवर तो दिसला की माझा जीव टांगतो, इतका सुंदर. पण त्याला हवं गार पाणी आणि भरपूर प्राणवायू. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. एप्रिलमध्ये, द्राक्षांच्या खरड छाटणीच्या सुमारास, माझं तळं तिशीला टेकतं, त्यात एखाद्या दुपारी वीज गेली की कोईसुद्धा पंपाच्या तोंडाशी जमतात. स्टर्लेट तिथे काय करणार? तिचा मासा तिच्या गावाचा.

राहिला गवत्या. आज सात वर्षं झाली, दोन गवत्ये तळ्यात आहेत.

गवत्याला खाताना एकदा जवळून पाहा. मी बांधावरचा लसूण घास कापून पेंढी करते आणि दोरीने तळ्याच्या कडेला बांधते. तो लगेच येत नाही. आधी लांबून एक फेरी, मग दुसरी. मग एक काडी टोकाकडून तोंडात धरतो, मागे झटका देऊन पेंढीतून उपसतो, आणि ती काडी हळूहळू आत जायला लागते, जशी शिवणयंत्राखाली कापडाची पट्टी सरकते तशी. घशातल्या दातांचा करकर आवाज येतो, गोठ्यात म्हैस चारा खाते त्याच आवाजाचा लहान भाऊ. कोई आजूबाजूला फिरतात, पेंढीतून गळलेली पानं उचलतात. कुणी कुणाला ढकलत नाही. गवत्या लांबट, ऑलिव्ह रंगाचा, खवल्यांच्या कडा काळ्या रेघेने आखल्यासारख्या. कोईंच्या लाल-पांढऱ्या गर्दीत तो गंभीर दिसतो. थंडीत तोही कोईंसारखाच निजतो आणि पाणी तापलं की त्याची भूक खुलते. साचलेल्या पाण्यात तो वीण घालत नाही, त्याला वाहत्या मोठ्या नदीचा पूर लागतो. त्यामुळे दोन सोडले तर दोनच राहतात. भिंतीवरचं केसाळ शेवाळही त्यांनी खूप कमी केलं.

त्याचेही काही हट्ट आहेत, ते लपवणार नाही. तळ्यातली कमळं त्याने पहिल्याच उन्हाळ्यात संपवली. कमळ हवं असेल तर गवत्या नको. तो फार वाढतो, मीटरभराचा सहज होतो, म्हणून लहान हौदात त्याला ठेवणं हा अन्याय आहे. हिरवा चारा बंद करून नुसत्या गोळ्यांवर ठेवला तर आडदांड होऊन कोईंचं खाणं ओढतो. आणि तो उडी मारतो. आधी तीन होते. एका वळवाच्या रात्री वीज कडाडली आणि सकाळी तिसरा मला तुळशी वृंदावनाजवळच्या फरशीवर सापडला, तळ्यापासून सात-आठ फुटांवर. अंगावर माती चिकटलेली. त्या दिवशी तळ्याभोवती दोन फूट उंचीचं जाळं लावलं, ते अजून आहे. पाहुण्यांना ते खुपतं. मला नाही.

सकर माशाबद्दल मात्र एका वाक्यात सांगते: शेवाळ खातो म्हणून कुणी तो कोईंच्या तळ्यात टाकायला सांगितलं तर टाकू नका. रात्री कोई स्वस्थ असताना तो त्यांच्या अंगाला चिकटून वरची बुळबुळ ओरबाडतो, आणि ती बुळबुळ म्हणजे माशाचं चिलखत. कंटाळा आला म्हणून लोक तो नदीत सोडून येतात, हे तर त्याहून वाईट. चिलापीने, म्हणजे तिलापियाने, आपल्या धरणांचं काय केलं ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. परका मासा एकदा नदीत गेला की तो परत बोलावता येत नाही.

एक मासा मात्र मला मनापासून हवा होता, आणि तो मी आणणार नाही. खडशी, म्हणजे महाशीर. आपल्या दख्खनचा महाशीर साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली शास्त्रात नोंदवला तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात मी तो पाहिला. वर झुलता पूल, काठावर वरदायिनी देवी. चुरमुरे टाकले की आधी बारीक मासे उसळतात, आणि मग खालच्या काळ्या पाण्यातून मोठी अंगं सावकाश वर येतात, सोनेरी-हिरवी, रुपयाएवढ्या खवल्यांची. देवीचे मासे म्हणून तिथे कुणी त्यांना जाळं लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसेश्वरालाही असेच देवाचे मासे आहेत. तिथल्या कातळावर मी तासभर बसले होते. मनात एकच, की कोईंच्या मध्ये असा एक असता तर.

लोणावळ्याच्या महाशीर पैदास केंद्रात याची पिल्लं तयार होतात, नद्या-तलावांत सोडली जातात. एखादं मिळवणं अगदीच अशक्य नाही. कोईंशी तो कदाचित जमवूनही घेईल. पण त्याचं अंग घडलंय ते धारेला तोंड देऊन उभं राहण्यासाठी, दगडांवरून फेसाळत येणाऱ्या पाण्यासाठी. माझ्या १८ फुटांत तो पोहणार तरी कुठे? पाचव्या वर्षीचा खडशी माझ्या तळ्यात वळताना मी डोळ्यांसमोर आणला आणि विषय सोडला. पावसाळ्यानंतर कधीमधी त्यालाच भेटायला जाते.

नवा मासा आणला की सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे त्याच्यासोबत काय काय येतं. एकदा शेततळ्यातला रोहू मी थेट कोईंमध्ये सोडला. आठवड्याने चागोई भिंतीला अंग घासताना दिसला. जाळ्यात घेऊन पाहिलं तर पोटाशी भिंगासारख्या पारदर्शक, मसुरीएवढ्या उवा. चिमट्याने एकेक काढल्या, एकट्या चागोईवर एकोणीस. त्यांची अंडी भिंतींना चिकटतात आणि उबदार पाण्यात दोनेक आठवड्यांनी फुटतात, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. तो सगळा महिना तसाच गेला. आणि उवा निदान दिसतात तरी. १९९८ मध्ये ओळखला गेलेला कोईंचा हर्पिस विषाणू दिसत नाही. १६ ते २८ अंशांच्या पाण्यात तो अख्खं तळं रिकामं करू शकतो, आणि गोल्डफिशसारखा मासा स्वतः आजारी न पडता तो वाहून आणू शकतो. तेव्हापासून पडवीत ५०० लिटरची वेगळी टाकी आहे, तिचं जाळं वेगळं, बादली वेगळी. नवीन मासा कुणाकडचाही असो, अगदी आमच्याच शेततळ्यातला असला तरी, तीस दिवस तिथे.

तो रोहू वाचला. पण पाच वर्षं तो एकटाच आहे. कोई त्याला त्रास देत नाहीत, गवत्ये त्याच्याकडे पाहतही नाहीत. खातो, वाढलाय. तरीही दिवसा तो पंपाच्या पाइपामागच्या सावलीत उभा असतो, आणि सगळे खाऊन गेले की मगच बाहेर येतो. मी त्याला शांत स्वभावाचा समजत होते. मागच्या महिन्यात अण्णांबरोबर शेततळ्यावर गेले, त्यांनी पेंडीचा गोळा टाकला आणि पंधरा-वीस रोहू एका अंगाने वळत वर आले. एक वळला की सगळे वळत होते. मी किती वेळ पाहत राहिले. कोईंना सोबत हवी म्हणून मी त्याला आणलं, आणि त्याच्या सोबतीचा विचार पाच वर्षं केला नाही.

अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. जाळं ओढवत नाही, पण बोटुकली निवडायला तेच बसले. तीन रोहू काढून दिले, टोचलेले नाहीत, खवला गळालेला नाही, डोळे स्वच्छ. पडवीतल्या टाकीत दीड किलो खडा मीठ विरघळवून मी ते सोडले.

आज नववा दिवस. उवा नाहीत. सकाळी गोळ्या टाकल्या तेव्हा तिघं एकदमच वर आले.